मागे ने

यंदा लोटलीच्या टूर्नामेंट कमिटीनं ठरवलं:
दोन्ही गोलांच्या बाजूला एकेक मोबाईल, बांबूला सुतळीनं बांधलेला,
आणि टेबलावर एक टॅब, कोपऱ्यात काच तडकलेली.
उद्घाटनाला बोलावलं बाबांना.
शिरोड्याचे फटू मास्तर, माजी पंच, वय एक्क्याऐंशी,
डाव्या डोळ्यात नवं भिंग,
उजव्याची तारीख पुढच्या महिन्यात.

स्कूटरवर बसवून मी त्यांना बोरीच्या पुलावरून नेलं.
पूर्वी ते सायकलीनं जायचे.
साष्टीतल्या गावांना नदीपलीकडचा पंच लागायचा,
ज्याचा कुणी जावई नाही, भाचा नाही मैदानात,
ज्याला मनसोक्त शिव्या घालता येतात
आणि सोमवारी बाजारात तोंड चुकवावं लागत नाही.

एकोणनव्वदची फायनल मी पाहिलेली नाही,
ऐकली मात्र दर नाताळाला.
कायतान, कुडतरीचा गोलकीपर,
नेवऱ्या-दोदोलचं ताट घेऊन नदी ओलांडून यायचा
आणि उंबऱ्यावरूनच म्हणायचा, "रेषेवर होता."
"आत होता," बाबा म्हणायचे. "बस."
हाच त्यांचा नमस्कार.
आई चहा टाकायची.

म्हणून वाटेत मी विचारलं,
तेव्हा टॅब असता, तर कायतान आपल्या घरी आला असता का?
हेल्मेटमधून उत्तर आलं:
"तुला गोष्ट आवडते गं.
मी अकरा रात्री झोपलो नव्हतो.
बक्षीस अठराशे रुपये होतं, त्यातून ते बूट घेणार होते.
पुढचं वर्षभर कुडतरीची पोरं अनवाणी खेळली.
तुझ्या मैत्रीच्या हिशेबात ते पाय धर."

पूल संपेपर्यंत मी काही बोलले नाही.

शेत नुकतं कापलेलं, धसकटं बोचरी,
चुन्याची रेष बैलानं ओढल्यासारखी.
सत्तराव्या मिनिटाला झुंबड, एक डोकं, कीपरचा हात,
आणि पंचानं, सावर्ड्याची देविका, वय तेवीस,
हवेत बोटांनी चौकोन काढला.

मग काहीच नाही.
गोल मारणारा पोरगा अर्धे हात वर करून उभा,
दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखा.
चणेवाल्याचं माप हवेत थांबलेलं.
माडांमागे सूर्य चाललेला, त्याला कुणी थांबा म्हणालं नाही.
चार मिनिटांनी देविकानं मान हलवली. गोल नाही.
रेषेचा बोटभर चुना बॉलखाली स्वच्छ दिसत होता.
निर्णय बरोबर होता.
ओरडा झाला, पण गार,
दुसऱ्यांदा तापवलेल्या भातासारखा.

बाबांनी टॅब मागितला.
"मागे ने."
नेलं.
"अजून मागे."
त्यांना बॉल बघायचाच नव्हता.
तडकलेल्या काचेवर बोट ठेवून म्हणाले,
"ही बघ पंच कुठे उभी आहे.
पुढे त्या दांडग्याचा खांदा.
हिला इथून दिसणारच नाही.
कुणालाच दिसलं नसतं."
आणि पुन्हा, "मागे ने,"
जणू त्या यंत्रात पस्तीस-छत्तीस वर्षांपर्यंत जाता येत होतं.

परतताना म्हणाले, कुडतरीवरून घे.
उलटी वाट. घेतली.
कायतान बल्कांवात बसला होता, गुडघ्यांना तेल लावत.
दोन नाताळ झाले, तो पूल ओलांडत नाही.
बाबांना पाहून त्यानं तोंड उघडलं,
"रेषेव..."
"मला दिसलं नव्हतं," बाबा म्हणाले.
"मध्ये कुणाचा तरी खांदा होता. मी शिटी वाजवली."

तेलाची बाटली त्यानं बूच लावून खाली ठेवली.
कुत्रं उठलं, जागा बदलून पुन्हा बसलं.
"म्हजेय दोळे धांपिल्ले, मास्तर,"
कायतान म्हणाला.
बॉल तोंडावर येत होता, मिटले ते,
उघडले तेव्हा सगळे नाचत होते.

दोघंही माझ्याकडे बघू लागले,
जणू मी तिथे होते,
जणू माझ्याकडे असेल.
मी फोन काढला.
वेळ बघितली, आणि परत ठेवला.