एकास दोनशे

श्चेचिनच्या तंत्रशाळेचं तळघर, संध्याकाळचा वर्ग.
चौदा कॉम्प्युटर, त्यांतले अकरा चालू.
शेजारी कायेतान, एकोणीस वर्षांचा,
जिभेचं टोक दातांत धरून
तुळईवर भार ठेवतो, उचलतो, परत ठेवतो.
मी छप्पन्नची. बोटं जाड, माउस बारीक.

सून विचारते, या वयात हे कशाला?
सव्वीस वर्षं वजनं उचलली, बाई.
ती जात कुठे होती, ते बघायचंय.

पडदा म्हणतो: टेकू निवडा.
एक त्रिकोण. एक चाकांवरचा त्रिकोण. आणि भिंत.
मी भिंत घेते,
तिच्यातून एक हात बाहेर काढते
आणि भार सरकवत सरकवत टोकाला नेते.
हात वाकतो. लाल होतो तो मात्र मुळाशी,
जिथे भिंतीने त्याला धरलंय.
हे मला ठाऊक होतं,
ओड्राच्या धक्क्यावर, सात नंबरच्या केबिनमध्ये,
बुडाखालच्या पत्र्यातून कळायचं.
शब्द तेवढा नव्हता.
आघूर्ण.
लिमलेटची गोळी घोळवावी तसा तोंडात फिरवते.

मग ती चिन्हांची भानगड.
तुळई हसली तर धन, रुसली तर ऋण.
झ्येमोवित सर फळ्यावर दोन तोंडं काढून दाखवतात.
माझी रुसलेली, आणि मी लिहिते धन.
पुन्हा प्रयत्न करा.
पुन्हा प्रयत्न करा.
सात वेळा, न चिडता, त्याच तांबड्या अक्षरांत.
इतकं गोड कुणी बोललं नव्हतं मला गोदीत.
तिथे एकच खेप.

आठव्यांदा हिरवं.
तेव्हा कुठे कोपऱ्यातली बारीक ओळ दिसली:
वाक दोनशेपट वाढवून दाखवला आहे.

दोनशे खोडून मी एक लिहिलं.
तुळई सुतासारखी सरळ.
बाजूचे आकडे जागच्या जागी,
तोच भार, तोच ताण,
दिसायला काही नाही.

गोदी बंद झाली त्या दिवशी
पाकिटं घ्यायला आम्ही अशाच उभ्या होतो.
हाल्श्काने तर लिपस्टिक लावली होती.
फोरमन म्हणाला, बायका खंबीर आहेत हो.
त्याच्याकडे दोनशेचं बटण नव्हतं.

"बिघडलं का?" कायेतान वाकून बघतो.
नाही रे. खरं मोजमाप लावलंय.
तो जरा वेळ सरळ रेघेकडे बघत बसतो.
मग हळूच,
"वरती, केबिनमध्ये, हलायचं?"
वीतभर. वारा असला तर जास्त.
"भीती नाही वाटायची?"
हलायचं थांबलं की वाटायची.

त्याने ते वहीत लिहून घेतलं,
सूत्रांच्या खाली, चौकट करून.
परीक्षेत येणार नाही, मी म्हटलं.
तोवर शिपाई किल्ल्या वाजवत आला
आणि एकेक पडदा विझवत गेला,
माझी तुळई तशीच, भारासकट,
सेव्ह करायची राहिली.