कसर

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
सव्वीस वर्षं मी नोटा तपासतो.
शाई फिकी, आकडा सरकलेला,
कोपऱ्यात केसाएवढी रेघ:
बाद.
ज्या दिवशी चूक सापडत नाही
त्या दिवसाचा पगार फुकटचा वाटतो.

रविवारी चर्चमध्येही असाच बसायचो,
मागच्या बाकावर.
पाळकसाहेब वचन वाचायचे
आणि मी एकेक वाक्य
आतल्या आत उजेडाला धरायचो.
बरीचशी बाद.
सुवार्ता कोपरानं ढोसायची,
"निदान डोळे तरी मीट."

सुवार्ता म्हणजे माझी बायको.
नाव सासऱ्यांनी ठेवलं, हौसेनं.
सोमवारी तिच्या मानेतली गाठ काढून
बरणीत घालून नेली.
गुरुवारी रिपोर्ट.

मंगळवारची रात्र. ती गोळी घेऊन झोपलेली.
बाहेर डिसेंबर. निफाडला पारा उतरलाय म्हणतात,
द्राक्षवाले बागेत शेकोट्या करून जागे असतील.
ते निदान काही पेटवू शकतात.

कपाटावरून आईचं पुस्तक काढलं.
श्रद्धेनं नाही.
डोळ्यांना काम हवं होतं.

आई चाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकली,
बायकांच्या शिवणवर्गात, मशीनशेजारी.
वाचताना प्रत्येक शब्दावर बोट दाबून धरायची,
उचललं तर उडून जाईल तो, अशी.

पुस्तकाला कसर लागलेली.
पानापानांतून बारीक बोगदे,
राजे, संदेष्टे, लांबलचक वंशावळ्या,
सगळ्यांना सारखंच खाल्लेलं.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
इतकी कसर एका जागी
मी प्रेसमध्येही पाहिली नव्हती.

मग एका पानावर,
भिऊ
आणि पुढे भोक.
म्हणजे नुसतंच भिऊ.
ते तर मी पंधरा दिवस करतोच आहे,
त्याला पुस्तक कशाला?

चष्मा पुसला.
भोक नव्हतं ते, बुजवलेलं होतं.
नखाएवढा कपटा, भाताच्या शितानं चिकटवलेला,
वर आईचं वाकडंतिकडं, निळ्या शाईतलं
नको.

आईचा जन्मभराचा शब्द.
नवं लुगडं? नको.
दुधाचा चहा? नको, पोराला दे.
दवाखाना? नको, बरं वाटतंय आता.
पण हा इथला नको
ती कुणाला म्हणाली असेल?

सवयीनं पान दिव्यासमोर धरलं,
जलचिन्ह बघायला नोट धरतो तसं.
कपट्याच्या पाठीमागून छापील अक्षरं उमटली, उलटी:
शहर बस. साठ पैसे.
त्या वर्षी साठ पैशांत इथून
सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत जाता यायचं.

अप्पा एकोणीस दिवस तिथे होते.
आई डबा घेऊन जायची, रिकामा घेऊन यायची.
विसाव्या दिवशी डबा लागला नाही.

हे तिकीट जातानाचं
की त्या शेवटच्या येतानाचं?
तेवढं काही तिकिटावर नसतं.

किती तरी वेळ मी तेच बघत बसलो.
छापलेला शब्द तर गेलेलाच होता.
आईला काही पाठ नसायचं.
म्हणजे कुणा शेजारणीचं पुस्तक मागून आणलं असणार,
तेच पान शोधलं असणार,
आणि बोट ठेवून, एकेक काना-मात्रा बघत
जिथलं तिथे परत लिहिलं असणार.
अप्पा असताना, किंवा नसताना.

"मांडीवर काय घेऊन बसलायस?"
सुवार्ता जागी. मानेवर पट्टी.
"आईचं पुस्तक."
"मग वाच ना. मोठ्यानं."

वाचलं.
पहिल्या शब्दाला आवाज फाटला,
दुसऱ्यावर मी बोट ठेवलं.

नियमानं हे पान बाद.
डाग, ठिगळ, हातानं घातलेला मजकूर.
आणि गुरुवार अजून यायचाय.
मालगाडी गेली, खिडकीची काच थरथरली,
सुवार्ताचा डोळा पुन्हा लागला.
मी बोट उचललं नाही.