बटाट्यांचा काटा

पहाटे साडेतीनला मी स्टोव्ह पेटवते.
बाहेर अजून डासांचंच राज्य,
आणि तंबूतंबूंतून खोकत उठणारी बेचाळीस माणसं.
या वेळी भूक कुणालाच नसते.
तरी वाढते.

ओट्सच्या पातेल्यात लोणी,
मग आणखी लोणी.
व्हँकूव्हरहून आलेली नवी पोरं डोळे विस्फारतात.
दुसऱ्या आठवड्यात तीच पोरं
पातेल्याचा तळ खरवडतात.

प्रिन्स जॉर्जच्या उत्तरेला, ट्रकरस्ता संपतो तिथं
जंगल कापून नेलेला उतार आहे.
नुसते खुंट, आणि खुंटांमधून
आम्ही पुन्हा स्प्रूस लावतो. म्हणजे ते लावतात.
कमरेला दोन्हीकडे रोपांच्या पिशव्या,
फावडं मार, वाक, रोप खोच, टाचेनं दाब, चल पुढे.
दिवसाला अडीच हजार वेळा.
झाडामागे चौदा सेंट.

गिलेन दुपारी जेवायला थांबत नसे.
गास्पेच्या मासेमाराचा मुलगा, आकड्यांत पक्का.
म्हणाला, एक सँडविच म्हणजे दहा मिनिटं,
दहा मिनिटं म्हणजे चाळीस झाडं,
म्हणजे साडेपाच डॉलर, वेर्ना,
आणि वर तुझं सँडविच.
हिशेब चोख होता.
खर्चाचा रकाना तेवढा
त्यानं कोरा ठेवला होता.

मे महिन्यात तो माझ्या स्टोव्हवर खिळा तापवायला आला.
कमरेच्या पट्ट्याला भोक पाडायचं होतं.
जूनमध्ये पुन्हा आला.
चामडं जळाल्याचा वास रश्श्यात उतरला
आणि त्या रात्री कुणी तक्रार केली नाही, हेही खरं.

मग गमतीत तो बटाट्यांच्या काट्यावर चढला.
आला तेव्हा चौऱ्याहत्तर. आता सहासष्ट.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
मी नाही वाजवल्या.
मी पोत्यानं बटाटे घेणारी बाई,
वजन कमी भरलं की मला
कुणीतरी फसवल्यासारखं वाटतं.

त्याच आठवड्यात तपासनीस आली.
तिनं त्याची रोपं उपटून पाहिली,
मुळं दुमडलेली, खड्डे उथळ.
तीनशे झाडं पुन्हा लाव, फुकट.
मी डबे घेऊन वर गेले तेव्हा
तो खुंटावर बसला होता
आणि हात मांडीवर ठेवूनही थरथरत होते.
शेजारी खताच्या पुड्यांचा खोका,
चहाच्या पिशवीएवढ्या पुड्या,
प्रत्येक रोपाच्या बुडाशी एक टाकायची असते.

झाडाला शिदोरी बांधून देतोस, मी म्हटलं,
आणि लावणाऱ्याला?
त्यानं उत्तर दिलं नाही.
मी तोपर्यंत त्याच्या तोंडात चीज कोंबलं होतं.

पहिले तीन दिवस त्याला खाववेना.
भूक मेली की हाक मारून येत नाही,
तिला हाताला धरून, घास घास दाखवत
घरी आणावी लागते.
खजूर एका खिशात, शेंगदाण्याचं लोणी लावलेली पोळी दुसऱ्यात,
दीड तासानं घड्याळ वाजे
आणि उतारावरून त्याची शिवी ऐकू येई.
चालता चालता खायचा. फावडं काखेत.
रात्री दुसरं ताट, मग न विचारता तिसरं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी
सगळे काट्याभोवती जमले.
सहासष्ट.
पोरं हिरमुसली, एवढं खाऊन काहीच नाही?
मी काट्याचा गज दोनदा ठोकून पाहिला.
हललाच नाही.
मला इतका आनंद झाला
की मागे जाऊन कांदे चिरत बसले,
कारण तिथं डोळ्यांचं कुणी विचारत नाही.

महिनाभर जेवला ते अंगाला लागलं नाही, खरंय.
ते सगळं वर गेलं,
पन्नास हजार खड्ड्यांतून.
माझं लोणी आता त्या उतारावर उभं आहे,
वीतभर उंच, हिरवं,
वाऱ्यात जरा कलतं.

आणखी चार किलो उरलंय.
ट्रक गुरुवारी येणार.