अर्धा तास अंधारात

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या गल्लीत,
टायरच्या गोदामामागे आमची प्रयोगशाळा.
बाहेर सत्तेचाळीस अंश. आत माझ्यासमोर
जांभळं खाऊन आलेल्या जिभेचा रंग,
मिथेनॉलमध्ये विरघळलेला, अस्वस्थ,
कणाकणात एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा.

ज्याच्यापाशी देण्यासारखं काही असेल
त्यानं ते द्यावं, आणि रंग उतरावा
हळदीचे हात धुतलेल्या पाण्याइतका.
एवढीच परीक्षा.
अर्धा तास अंधारात ठेवायचं,
मग यंत्राला विचारायचं, किती उरलं?

आज रांगेत शेवगा, कलौंजी,
‘चिरतरुण’ नावाच्या सोनेरी गोळ्या
आणि रांगेबाहेर, खिशातून निघालेली, शंबेची बाटली.
शंबे आमचा ड्रायव्हर. शनिवारी जन्मला म्हणून शंबे.
बाटलीवर हिरवागार आवळा, आवळ्यावर दव.
नऊ रियाल. लेकीनं पहिल्या पगारातून आणली,
गुडघ्यांसाठी.
“मॅडम, जरा बघा ना,” म्हणाला,
पत्रिका दाखवावी तसा.

थेंब सोडला
आणि रंग गेला.
झाकण लावायच्या आत.
शंबेनं टाळी वाजवली.
मला हसता आलं नाही.

झाडं असं करत नाहीत.
झाडं वेळ घेतात.
आवळा नळीतही रेंगाळतो, घासाघीस करतो,
मंडईतल्या म्हातारीनं कनवटीची चिल्लर मोजावी
तसा एकेक इलेक्ट्रॉन सोडतो.
हे झटपट दान कुणाचं ते मला माहीत आहे:
पोत्यानं मिळणारं पांढरं क जीवनसत्त्व,
रोज सकाळी मापासाठी मीच तोलते ते.
आवळ्यातही असतं म्हणा.
पण एकटं कधीच नसतं.

काय सांगू त्याला?
खोटं म्हणावं, तर रंग गेलाय.
खरं म्हणावं, तर आवळा नाही.
आणि गुडघ्यांबद्दल ही नळी
कधी चकार शब्द बोललेली नाही;
काचेत घडतं ते हाडामांसात घडेल
असं मी एकाही अहवालात लिहिलेलं नाही.

“लेकीला नका सांगू,” तो म्हणाला.
मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मग त्यानं थर्मास काढला. सुक्या लिंबाचा चहा,
त्याच्याच अंगणातली लिंबं,
गच्चीवर वाळून काळी ठिक्कर पडलेली.
एक पेला त्याला, एक मला,
तळाशी राहिलं त्यातले दोन थेंब नळीला.
नोंदवहीत या नमुन्याला क्रमांक नाही.

नळी कपाटात ठेवली. दोन स्टुलं ओढली.
बाहेर कुठलासा ट्रक मागे येताना
पिकपिक वाजत राहिला.
आठव्या मिनिटाला मी दार बोटभर उघडून पाहिलं.
जांभळाच होता अजून,
जरासा धुवट.

“राहू द्या,” शंबे म्हणाला,
“घाई काय आहे.”