मधोमध

सात वर्षं काटा मधोमध होता.
भेरूघाटात बॉनेटखालून वाफ फुसफुसली
तेव्हाही मधोमधच.
लोहामंडीमागच्या गल्लीत शकूर उस्तादनं
हेड उघडून दाखवलं,
गॅस्केट जळून उडदाच्या पापडासारखं.
मी म्हटलं, काटा तर हललाच नव्हता.
तो हात पुसत म्हणाला,
"मॅडम, वो कांटा तो आपकी तसल्ली के वास्ते है."

तसंच बांधतात म्हणे.
पंच्याहत्तरपासून एकशे दहापर्यंत
एकच उत्तर,
गिऱ्हाइकानं उगाच घाबरू नये म्हणून.

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या लॅबमध्ये
पोरांच्या हाती थर्मामीटर दिले
आणि मोजून परत घेतले.
असली तसल्ली मला पचत नाही.

सियागंजातून आणला बावन्न मिलिमीटरचा गोल मीटर,
आकडेवाला.
पितळी सेन्सर, त्याच्या दोन वायरी,
होजमध्ये बसवायचा ॲल्युमिनियमचा तुकडा,
चार क्लिपा. पक्कं बिल मागितलं
तर दुकानदारानं माझ्यामागे कुणी पुरुष आहे का
ते पाहिलं.

बसवण्याआधी परीक्षा.
सेन्सर चहाच्या पातेल्यात सोडला,
मीटरला जुन्या बॅटरीचा करंट.
सुहास पेपराआडून: आता चहा कशात?
पाणी उसळलं. अठ्ठ्याण्णव.
"शंभर का नाही?"
कारण इंदूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर आहे,
इथलं पाणी जरा लवकर हातपाय आपटतं.
म्हणजे मीटर खरा.

वरचा होज कापताना मात्र
ब्लेड धरलेला हात थांबला.
चांगला होता होज. त्याची काही चूक नव्हती.

मग इंजिन आणि माणसं यांच्यामधला पत्रा.
त्यात एक जुनं भोक, रबराची बुच्चण.
साडीच्या हँगरची तार सरळ करून
तिच्या टोकाला वायर बांधली, आत ढकलली,
आणि स्टेअरिंगखाली उताणी पडून
तिची वाट पाहत राहिले,
नाकावर सतरा वर्षांची धूळ.

अर्थची वायर शेवटी.
रंग खरवडून लख्ख लोखंड दिसेपर्यंत घासायचं,
मगच बोल्ट आवळायचा.
अर्थ नीट लागला नाही
तर मीटर वाट्टेल ते बोलतो.

पहिला आठवडा मी जेमतेम रस्ता पाहिला.
पलासियाच्या सिग्नलला अठ्ठ्याऐंशी,
एक्क्याण्णव, त्र्याण्णव,
पंखा घरघरला, एकोणनव्वद.
एवढं सगळं आधीही होत असणार.
रोज. माझ्या पायांपासून हातभर अंतरावर.
सुहास म्हणाला, यापेक्षा तो खोटा बरा होता,
गाणी तरी ऐकायचीस.

मे महिन्यात बडवाहहून परतताना
पुन्हा भेरूघाट.
पुढे कापसाच्या गाठींचा ट्रक, दुसऱ्या गिअरमध्ये.
शहाण्णव.
नव्याण्णव.
एकशे दोन.
एसी बंद केला, चारी काचा खाली,
आणि हीटर फुल्ल.
"हीटर?"
"इंजिनाची उष्णता आत ओढायची. दुसरा उपाय नाही."
एकशे चार.
त्याचा सदरा पाठीला चिकटला.
विचारलं, ठीक आहेस ना?
"ठीक."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली,
हे उत्तर मला पाठ आहे.
बायोप्सीच्या दिवशीही हेच,
रिपोर्ट चांगला आल्यावरही हेच.

एक वळण गेलं. ट्रकनं हॉर्न दिला, उगाचच.
मग तो म्हणाला,
"नाही. तळपाय भाजतायत.
आणि मला घाट कधीच आवडला नाही,
एकदाही नाही."

मी म्हटलं, मी रस्ता बघते, तू आकडे वाच.
एकशे चार, तो म्हणाला.
एकशे चार.
एकशे तीन.
सिमरोळ येईपर्यंत वाचत राहिला,
पाय वर घेऊन, सीटवर मांडी घालून.

जुना काटा काढलेला नाही.
पाहुणे पुढे बसले की
त्याच्याकडेच बघतात,
आणि म्हणतात, गाडी छान ठेवलीय हो.