कडा कोठे शे

पोरगी रांगायला लागली तेव्हा माझ्याकडे
एकच शब्द तयार होता : भीर.
म्हणजे कडा. आमच्याकडे अंगण संपतं
तिथेच ढग सुरू होतात,
म्हणून आई लेकराच्या कमरेला ओढणी बांधते,
दुसरं टोक खांबाला,
आणि मग जात्यावर बसते.

चोपड्याला पत्र्याच्या खोलीत
मी तिला तशीच बांधली.
शेजारच्या गुंताबाई दारात थबकल्या :
वासरू शे का ती? सोड ना.
कोठे पडी जाई?

मी बाहेर पाहिलं.
केळी, कापूस, रस्ता, परत केळी.
पडायला जागाच नव्हती.

मग भ्यायचं कशाला,
हे नव्याने शिकावं लागलं.
उन्हाला. आमच्याकडे ऊन म्हणजे औषध,
तान्ह्याला तेल चोळून त्यातच ठेवायचं.
इथे पहिल्याच चैत्रात तशी ठेवली,
तर गुंताबाईंनी तिला उचलून आत पळवलं
आणि मला ज्या शिव्या दिल्या
त्यांतल्या निम्म्या आता मी वापरते.
खिशात कांदा. डोक्याला ओलं फडकं.
केळीच्या ट्रकला भ्यायचं,
बोअरच्या उघड्या तोंडाला,
आणि वर्गात बोटांनी डोळे ताणून दाखवणाऱ्या पोरांना.

त्या पोरांबद्दल मी म्हटलेलं, मान खाली घाल,
आपण पाहुणे.
बारा वर्षं झाली पाहुणे होऊन.
तिचा बाप रात्रभर बाजारपेठेत शिट्टी वाजवतो.
दिवसा सगळे त्याला बहादूर म्हणतात.
नाव टेकनाथ आहे.

सृजनाने मान खाली घातली नाही.
मागच्या बाकावरच्या हर्षलला
अहिराणीत असं काही ऐकवलं
की मॅडमनी मला बोलावून घेतलं,
आणि सांगता सांगता त्यांनाच हसू आवरेना.
घरी आल्यावर मी नेपाळीत रागावले,
तिने उत्तर अहिराणीत दिलं.
राग सुनौलीच्या नाक्यावरच अडकून पडला.
रात्री पांघरूण घालताना म्हटलं, झोप नानी.
आमच्याकडे लेकराला नानी म्हणतात.
गल्ली अजून हसते,
म्हणे ही पोरीला आजी करते.

आज आखाजी.
कडुनिंबाला झोका बांधलाय,
दोर ट्रॅक्टरचा, फळी कुणाच्या तरी मोडक्या खाटेची.
आमचा झोका दशैंचा असायचा, चार हिरवे बांबू,
आणि थंडी.
इथे चव्वेचाळीस डिग्री, आमरसावर माश्या.
आई म्हणायची, वर्षातून एकदा तरी
पाय मातीवरून सुटले पाहिजेत.

सृजना उभ्यानेच झोका चढवते.
वर. अजून वर.
निंबोण्या गळतात.
माझ्या तोंडून निसटलंच : भीर!
ती तिथूनच ओरडली,
माय, कडा कोठे शे?

उत्तरेला सातपुड्याची धुरकट रेघ.
ती त्याला डोंगर म्हणते.
मी काही बोलत नाही.

गुंताबाईंनी दंडाला धरून मला फळीवर बसवलं :
आखाजीले पोरी माहेरले येतीस.
तू उनी ना? मंग बस.

मला सांगायचं होतं, बाई,
माझं माहेर दोन दिवसांची गाडी
आणि वर एक दिवस पायी.
पण पाठीला लहान तळवे टेकले, घामट,
आणि मागून माझ्याच सुरात कुणी म्हणालं,
घट्ट धर हं, नानी.