घर पाहावं खरवडून

ड्यूनेडिनमध्ये ऊन उत्तरेकडून येतं.
हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पण ज्यानं हे घर बांधलं
तो बोटीतून उतरला तेव्हा त्याच्या ट्रंकेत होता
स्कॉटलंडमधल्या बापाच्या घराचा नकाशा,
आणि त्यानं तो इथे उभा केला, खिळ्याला खिळा.
बैठकीच्या थोरल्या खिडक्या दक्षिणेला, रस्त्यावर,
जिथून फक्त वारं येतं, थेट बर्फावरून.
उत्तरेला कोळशाची खोली,
तिला वीतभर झरोका.
एकशे बारा वर्षं
घर सूर्याकडे पाठ करून
गारठ्याला या-बसा करत राहिलं.

एल्स्पेथ गेडीज, वय एकाहत्तर, पूर्वी बस चालवायच्या,
मला म्हणाल्या, रंग दे बाबा,
तोंडावर जरा तजेला येऊ दे.
समोरची फालेओलोबाई म्हणते,
तुमचं घर माझ्याकडे
दवाखान्यातल्या माणसासारखं बघतं.

मी रंगारी. तोंडदेखलं काम हाच माझा धंदा.
रस्त्याच्या बाजूला शिडी लावली, मास्क बांधला
(जुन्या रंगात शिसं असतं)
आणि खरवडायला घेतलं.

मळक्या पिवळ्याखाली पिस्ता.
पिस्त्याखाली एक तपकिरी,
एल्स्पेथ म्हणाल्या, हा आमच्या आईचा राग.
रागाखाली निळा,
इतका उथळ, इतका आनंदी
की त्या चहाचा कप घेऊन तिथेच थांबल्या.
कुणी लावला असेल?
त्याला शेजारी काय म्हणाले असतील?
निळ्याखाली लाकूड.
लाकडाचं काही म्हणणं नव्हतं.

दारावरची अर्धगोल काच मात्र काळी.
युद्धात फासलेली, शत्रूच्या बोटींना उजेड दिसू नये म्हणून.
बोटी आल्याच नाहीत.
भीती निघून गेली,
पण तिचा रंग काढायला शिडी कोण आणतो?
पात्याच्या चौथ्या ओढीला सोनेरी एक दिसला,
मग सात.
घराचा नंबर तेवीस.
रस्त्यानं कधीतरी आकडे बदलले
आणि काचेला कुणी कळवलं नाही.

काच लख्ख झाली. तरी दिसेना काही,
आत बोळात तोच अंधार, शंभर वर्षांचा मुरलेला.
मी खाली उतरलो. म्हणालो, बाई,
तोंड धुऊन भागणार नाही.

मग रावीरी सुतार आला.
कोळशाच्या खोलीची भिंत त्यानं बोटांच्या पेरांनी वाजवली,
जवळ कान नेला,
म्हणाला, ही कुणाचंच ओझं वाहत नाहीये.
एल्स्पेथ म्हणाल्या, मग पाड.
चाळीस वर्षं मी हिच्या अलीकडे दिवा लावून भांडी घासली.

रंगाचे पैसे त्या भिंतीत गेले.
आणि मोठ्या काचेत, आणि मागची मॅक्रोकार्पाची झाडं
उतरवण्यात.
घराचं तोंड राहिलं तसंच, अस्तराच्या पांढऱ्यात,
अर्धा दाढीचा साबण लावलेल्या माणसासारखं.

जूनमधली एक सकाळ. गवतावर दहिवर कडक.
ऊन मागून आत आलं,
स्वयंपाकघर ओलांडलं,
बोळात शिरलं, थोडं बिचकत,
जसं पहिल्यांदा आलेलं कुणी विचारतं, चप्पल कुठे काढू?
मी रस्त्यावर ब्रश धूत होतो.
वर पाहिलं तर दारावर सतरा,
आतून पेटलेला.

फालेओलोबाई पिशव्या घेऊन चालल्या होत्या.
थांबल्या. दाराकडे पाहून म्हणाल्या,
एल्स्पेथ, दिवसा दिवा कशाला गं?

दिवा नाहीये, आतून आवाज आला.

दार तेवढं रंगवलं मी शेवटी, त्या निळ्यानं.
दुकानात पापुद्रा घेऊन गेलो होतो,
मशीननं तीनदा चुकीचा ओळखला,
मग काउंटरवरच्या मुलीनं डोळ्यांनी जुळवला.

बिलात लिहिलं:
खरवडणे, अठरा दिवस.
रंगकाम, दार एक.
पत्त्याच्या जागी तेवीस लिहून खोडलं,
मग पुन्हा तेवीसच लिहिलं.